एक रिव्हॉल्व्हर, अनेक कामं : देवगडच्या बागायतदारासाठी होल्स्टरची निवड

परिस्थिती

देवगड तालुक्यातला हापूसचा बागायतदार. वय पन्नाशीच्या पुढे, उजव्या हाताचा, अंगाने भरलेला, पोट थोडं सुटलेलं. कातळावरच्या दोन बागा, घराला लागून पॅकिंगची शेड, आणि भावाबरोबर एका ट्रॉलरमध्ये भागी. घरात शेतीसंरक्षणाची बारा बोअरची बंदूक आधीपासूनच आहे. हंगामात रोख रक्कम घेऊन फिरावं लागतं म्हणून स्वसंरक्षणाच्या परवान्यावर .३२ चं रिव्हॉल्व्हर घेतलं. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे त्याचा कोटा इथे संपला. कामापरत्वे दुसरं हत्यार घेणं शक्य नाही. जे काही जुळवून घ्यायचं ते होल्स्टरमध्येच, म्हणजे हत्यार अंगावर बाळगायच्या म्यानात.

रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कारखान्यातलं, गोळ्यांच्या सहा घरांचं, वरून मोडून, म्हणजे नळी खाली झुकवून भरायचं. नळी साधारण ३ इंच, रिकामं असताना वजन पाऊण किलोच्या आतबाहेर. घोडा उघडा, त्याची शेपटी मागे आलेली.

होल्स्टर होतं ते परवान्यानंतर घाईत घेतलेलं. पातळ रेक्झिन, आत फोम, मागे स्प्रिंगची क्लिप, वर वेल्क्रोची पट्टी. एप्रिलच्या शेवटी शेडमध्ये आंब्याची पेटी उचलायला तो खाली वाकला आणि रिव्हॉल्व्हर वेल्क्रो सोडून जांभ्याच्या जमिनीवर पडलं. गोळी सुटली नाही. मुठीचा एक कोपरा उडाला आणि शेडमधले चार गडी जागच्या जागी थिजले. प्रश्न तिथून सुरू झाला : बाग, शेड, मोटरसायकल, कोल्हापूरचा प्रवास, जेटी आणि पावसाळा या सगळ्यांत चालेल असं एक होल्स्टर मिळेल का? उत्तर नाही असं आहे. पण पाच कामांना पाच होल्स्टरही लागत नाहीत.

आधी बिघाड समजून घेतला

पडण्याचं कारण वेल्क्रो एवढंच नव्हतं. वेल्क्रोच्या आकड्यांत आंब्याच्या पेटीतलं भाताचं पिंजर आणि बारीक धूळ अडकली की त्याची पकड जाते, हे खरं. पण मूळ दोष वेगळा. होल्स्टर कुठल्याच एका हत्याराच्या मापाचं नव्हतं. फोमची पिशवी सगळ्याच हत्यारांना बसते, म्हणजे कोणालाच धरत नाही. चांगलं होल्स्टर हत्याराला चापाच्या कड्यापाशी आणि सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या भागाच्या, पुढच्या खांद्यापाशी धरतं. वरची पट्टी ही जादा खबरदारी असते, मुख्य आधार नव्हे. इथे पट्टीच मुख्य आधार झाली होती.

दुसरा दोष क्लिपचा. पट्टा ३५ मिमीचा, एकेरी चामड्याचा, नेहमीचा ऑफिसचा. पाऊण किलो वजन एका बिंदूवर टांगलं की असा पट्टा पिळतो, होल्स्टरचं तोंड शरीरापासून बाहेर कलतं आणि मूठ शर्टाखालून उठून दिसते. क्लिपही सैल, त्यामुळे रिव्हॉल्व्हर ओढलं तर कधीकधी होल्स्टरच हातात यायचं. रेक्झिनमध्ये अडकलेलं हत्यार हाताळताना बोट चुकून चापावर दाबलं जाण्याची शक्यता इथे सर्वात जास्त असते. नुसत्या गैरसोयीपेक्षा हा दोष फार मोठा आहे.

तिसरी गोष्ट सुरुवातीला कुणाच्या लक्षात आली नव्हती. फोम घाम शोषून धरत होता. रात्री रिव्हॉल्व्हर त्याच होल्स्टरसकट कपाटात जायचं. सिलिंडरच्या अंगाकडच्या बाजूला आणि नळीच्या तोंडाशी तांबूस ठिपके उमटले होते. किनाऱ्याच्या हवेत मीठ असतं, घामातही असतं, आणि ओल्या फोममध्ये ते रात्रभर लोखंडाला चिकटून राहतं.

पडलेलं रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडे गेलं. घोड्यावर आपट बसली तर गोळी सुटू नये म्हणून आत अडसर असतो. तो शाबूत आहे का, मोडीचा (रिव्हॉल्व्हर मोडून उघडायचा) खटका घट्ट बसतो का, सिलिंडर प्रत्येक घरावर नेमका थांबतो का, एवढं तपासून झाल्याशिवाय ते पुन्हा कमरेला लावायचं नाही. जुन्या किंवा आपटलेल्या रिव्हॉल्व्हरची खात्री होईपर्यंत घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, हा नियम आजही तितकाच खरा आहे. पाच काडतुसांनी कुणाचं अडत नाही.

कायदा होल्स्टरबद्दल काय सांगतो

शस्त्र नियम, २०१६ मध्ये सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासारखं लहान शस्त्र कसं बाळगायचं हे स्पष्ट दिलं आहे. ते होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठी बनवलेल्या, अंगाला लावलेल्या तशाच साधनात, नाहीतर पाठपिशवीसारख्या वस्तूत असलं पाहिजे. ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे. आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा राहिला पाहिजे. ते दाखवत, मिरवत फिरायला बंदी आहे.

या तीन अटींनीच निम्मे पर्याय बाद होतात. शर्ट खोचून बाहेर दिसणारं होल्स्टर बाद, कारण ते झाकलेलं नाही. गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये सुटं टाकलेलं रिव्हॉल्व्हर बाद, कारण चहाला उतरलात की ताबा संपला. उशीच्या खोळीत, आंब्याच्या पेटीत, स्कूटरच्या डिकीत ठेवण्याचे प्रकार तर विचारातही घ्यायचे नाहीत.

परवान्यावर लिहिलेलं क्षेत्रही बघायचं. जिल्ह्यापुरता परवाना असेल तर कोल्हापूरला नेता येणार नाही; राज्यापुरता असेल तर बांद्याच्या पुढे गोव्यात नेता येणार नाही. कोल्हापूरला फोंडाघाटाने गेलं तर दाजीपूरला राधानगरीचं अभयारण्य लागतं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे अभयारण्यात शस्त्रासह जायला आधी लेखी परवानगी लागते. रिव्हॉल्व्हर बरोबर असेल त्या दिवशी वैभववाडीवरून करूळ घाटाने जायचं, किंवा निघण्याआधी वन खात्याकडून रस्त्याची स्थिती लेखी समजून घ्यायची. होल्स्टर कितीही चांगलं असलं तरी ही अडचण त्याने सुटत नाही.

कामं, आणि त्या कामात शरीर काय करतं

होल्स्टर निवडताना लोक हत्याराकडे बघतात. बघायचं असतं शरीराकडे. त्या कामात माणूस वाकतो का, बसतो का, हात वर करतो का, भिजतो का, त्याच्या मागे-पुढे कोण असतं. या बागायतदाराची दिनचर्या अशी तपासली.

बागेतलं काम सगळ्यांत कठीण. कलमाखाली उभं राहून झेला (आंबे उतरवायची जाळीची काठी) वर धरला की दोन्ही हात डोक्यावर जातात आणि बाहेर सोडलेला शर्ट वर सरकतो. त्याच्या नेहमीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाची किनार हात खाली असताना पट्ट्याच्या १५ सेमी खाली होती. झेला धरल्यावर ती पट्ट्याला टेकली. होल्स्टरचं तोंड उघडं पडलं. त्याशिवाय गडगा (दगडी कुंपण) ओलांडताना पाय उंच उचलावा लागतो, फांदीखालून वाकून जावं लागतं, कातळावर पाय घसरतो. बागेत दिवसभर घाम असतो तो वेगळाच.

शेडमध्ये तो गडी-माणसांबरोबर पाटावर किंवा उलट्या क्रेटवर बसतो, पेट्या मोजतो, शंभरदा वाकतो. इथे आम्ही पहिला निर्णय घेतला : शेडमध्ये रिव्हॉल्व्हर कमरेला नको. चार भिंतींत, घरच्या माणसांत, मुलं येत-जात असताना, रोख रक्कम तिजोरीत असताना त्याची गरज नाही. ते घरातल्या कुलूपबंद लोखंडी पेटीत, रिकामं, काडतुसं वेगळी. बागेतल्या कामाच्या दिवसांतूनही बहुतेक दिवस असेच वगळले गेले. झेला धरायचा असेल तर हत्यार घरी. मजुरी वाटायला रक्कम घेऊन लांबच्या बागेत जायचं असेल त्याच दिवशी बरोबर, आणि त्या दिवशी झेला दुसऱ्याच्या हातात.

मोटरसायकलवर वारा शर्ट उडवतो. ३० किमी वेगालाही मागची किनार फडफडते आणि मागून येणाऱ्याला सगळं दिसतं. पडलो तर बहुतेक वेळा कूल्हा किंवा पाठ आधी टेकते. म्हणून कण्यावर, म्हणजे पाठीच्या मधोमध लावायचं होल्स्टर मोटरसायकलस्वाराने कधीही वापरू नये. पडल्यावर लोखंड थेट मणक्यात रुततं. शर्टावर पातळ विंडचीटर, खालची चेन लावलेली, हा झाकण्याचा सोपा उपाय.

गाडीच्या प्रवासाबद्दल परदेशी लिखाण वाचून गोंधळ होतो, कारण ते डाव्या बाजूच्या स्टीयरिंगसाठी लिहिलेलं असतं. तिथे सीटबेल्टचं बक्कल उजव्या कूल्ह्याशी येतं आणि उजव्या कमरेचं होल्स्टर बक्कलखाली अडकतं. म्हणून तिथले लोक डाव्या पोटाशी आडवं होल्स्टर लावायला सांगतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. पट्टा उजव्या खांद्यावरून येऊन डाव्या कूल्ह्याशी बक्कलमध्ये जातो. म्हणजे डावीकडचं आडवं होल्स्टरच इथे बक्कलशी भांडतं, आणि उजव्या कमरेच्या होल्स्टरला अडथळा असतो तो दाराचा आणि सीटच्या फुगीर कडेचा. होल्स्टर पट्ट्यावर उंच बसत असेल आणि नळी तीनच इंची असेल तर तिचं टोक सीटला टेकत नाही. या बागायतदाराने चालकाच्या सीटवर बसून, पट्टा लावून, अर्धा तास लाकडी नमुना कमरेला ठेवून पाहिलं. उजवी कमर, किंचित मागे, हीच जागा टिकली.

जेटीवर आणि ट्रॉलरवर निर्णय सोपा होता : न्यायचं नाही. डोलणाऱ्या फळीवरून होडीत उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, खारं पाणी उडतं, आणि पाण्यात पडलेलं शस्त्र हरवल्याची खबर पोलिसांना द्यावी लागते. भावाशी हिशोब करायचा तर तो घरी बसून करावा. हाच नियम कुणकेश्वरच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला, लग्नाला आणि दारू असेल त्या प्रत्येक ठिकाणाला. गर्दीत कमरेला धक्के बसतात, कोणी गंमत म्हणून हात लावतो, आणि तिथे हत्यार वापरण्याचा प्रसंगच येऊ नये अशी ती जागा असते.

नेमबाजीच्या सरावालाही होल्स्टर लागत नाही. रेंजवर हत्यार रिकामं, पेटीतून नेतात आणि फायरिंग पॉइंटवरच बाहेर काढतात. होल्स्टरमधून ओढून गोळी मारण्याचा सराव रेंजच्या नियमांत बसत असेल आणि प्रशिक्षक शेजारी असेल तेव्हाच.

उरली तीन कामं : रोख रक्कम घेऊन लांबच्या बागेत चालत जाणं, मोटरसायकल, आणि गाडीने प्रवास. हीच तीन कामं पावसाळ्यातही होतात, फक्त ओली होतात.

बाद केलेले प्रकार

खांद्याचं होल्स्टर त्याला फार आवडलं होतं. वजन खांद्यावर जातं, गाडीत बसायला उत्तम. पण ते झाकायला कोट लागतो आणि मे महिन्याच्या देवगडात कोट घालून बागेत फिरणारा माणूस दोन मैलांवरून ओळखू येतो. त्याहून मोठी हरकत नळीच्या दिशेची. आडव्या खांद्याच्या होल्स्टरमध्ये नळी मागे रोखलेली असते. मोटरसायकलवर मागे बायको किंवा मूल बसलेलं असतं.

कमरेच्या आत, पँटच्या आतून लावायचं होल्स्टर झाकण्यासाठी सर्वोत्तम आहे, हे मान्य. सडपातळ माणसाला चपट्या पिस्तुलासाठी आम्ही तेच सुचवू. पण रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर जाड, माणूस भरलेला, आणि घाम थेट लोखंडावर. पँटही कमरेत दोन इंच मोठी शिवून घ्यावी लागते.

घोट्याचं होल्स्टर पाऊण किलोला आणि गडगे ओलांडणाऱ्या पायाला जमत नाही. पोटाला बांधायचा इलॅस्टिकचा पट्टा लेंगा किंवा लुंगीवर वापरता येतो म्हणून विचारात घेतला. पण नुसत्या कापडातून चाप दाबला जाऊ शकतो. चापावर टणक आवरण नसलेलं कोणतंही होल्स्टर, मग ते कितीही आरामशीर असो, नको. नाडीच्या लेंग्यावर हत्यार बाळगायचंच नाही असं ठरलं. ज्या दिवशी रिव्हॉल्व्हर, त्या दिवशी पँट आणि पट्टा.

'जवळच्या मापाचं' परदेशी होल्स्टरही तपासलं. लहान परदेशी रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेलं होल्स्टर आपल्या मोडीच्या रिव्हॉल्व्हरला वरवर बसल्यासारखं वाटतं. पण नळीची आणि वरच्या पट्टीची ठेवण वेगळी असते, आणि मोडीचा खटका बाजूला असतो. होल्स्टरच्या तोंडाची कड किंवा वरची पट्टी त्या खटक्यावर दाब देत असेल तर हत्यार आत घालताना खटका ढिला होऊ शकतो. मोडीच्या रिव्हॉल्व्हरसाठी होल्स्टर घेताना ही तपासणी पहिली करायची : रिकामं हत्यार आत सरकवा, बाहेर काढा, खटका जागचा हलला का ते बघा. दहादा करा.

पट्टा

होल्स्टरच्या आधी पट्टा ठरला. रुंदी ३८ मिमी, दोन थर शिवलेले, एकूण जाडी ४ ते ५ मिमी. पट्टा हातात आडवा धरून दोन टोकांनी पिळून पाहावा. सहज पिळला तर तो नको. पँटच्या लूपमधून ३८ मिमी जात नसेल तर शिंप्याकडून लूप रुंद करून घ्यावेत, आणि होल्स्टरच्या दोन्ही बाजूंना एकेक लूप येईल असे शिवून घ्यावेत. होल्स्टर पुढे-मागे सरकणं यानेच थांबतं.

पहिलं होल्स्टर : कोरड्या दिवसांसाठी चामड्याचं

प्रकार 'पॅनकेक'. चामड्याचे दोन थर, मध्ये हत्यार, पुढे-मागे पट्ट्यासाठी एकेक चीर. दोन्ही चिरांमुळे पट्टा आवळला की होल्स्टर शरीराला चिकटून बसतं आणि मूठ आत वळते. जागा उजवी कमर, घड्याळाच्या भाषेत नाभी १२ धरली तर साडेतीन. मुठीचा कल पुढे १० ते १२ अंश. पोट असलेल्या माणसाला याहून जास्त कल दिला तर वाकताना मूठ बरगडीखाली टोचते आणि मागची बाजू शर्टातून उठते.

चामडं झाडपाल्याने कमावलेलं हवं. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात तसं, पण चपलेच्या तळव्याइतकं जाड नको; ३ ते ३.५ मिमी पुरे. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ, लवचिक असतं, ते साच्याचा आकार धरत नाही आणि त्यातले क्षार दमट हवेत लोखंडाला लागतात.

साच्यासाठी हत्यार कारागिराला देता येत नाही. परवाना नसलेल्या माणसाच्या हाती ते सोपवणं गुन्हा आहे, मग तो ओळखीचा असो की नातेवाईक. म्हणून घरी रिकामं रिव्हॉल्व्हर कागदावर ठेवून दोन बाजूंनी आराखडा काढला आणि व्हर्नियरने मापं घेतली : नळीची लांबी, सिलिंडरचा व्यास, नळीच्या तोंडापासून चापाच्या कड्याच्या पुढच्या कडेपर्यंतचं अंतर, कड्याची जाडी, घोड्याची उंची, खटक्याची जागा. ती मापं देऊन सावंतवाडीतल्या लाकडी कामाच्या कारागिराकडून नमुना करून घेतला. लाकडी फळं आणि खेळणी घडवणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही. नमुन्याला लाखेचा ओलावारोधक लेप आणि भडक नारिंगी रंग, म्हणजे तो कोणाला खरा वाटणार नाही. हाच नमुना पुढे सरावालाही उपयोगी पडला.

घडवण्याचा क्रम असा. दोन्ही थर कापून, चापाचं कडं पूर्ण झाकलं जाईल एवढी उंची ठेवून, तीन बाजू शिवतात. दोरा मेण लावलेला पॉलिएस्टरचा, इंचाला ६ ते ७ टाके. सुती दोरा घामाने आणि पावसाने दोन वर्षांत कुजतो. मग चामडं कोमट पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवतात, पाणी निथळू देतात, नमुन्यावर पातळ प्लास्टिकचा एकच थर गुंडाळून तो आत घालतात आणि गुळगुळीत लाकडी पट्टीने सिलिंडरचा खांदा व कड्याची रेषा दाबून उमटवतात. याच दोन रेषा पुढे हत्यार धरून ठेवतात, म्हणून सगळी मेहनत तिथे. वाळवायचं सावलीत, वाऱ्यावर, पूर्ण एक दिवस. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवलं तर चामडं आक्रसून ठिसूळ होतं आणि वाकताना तडकतं.

तोंडाला आणखी एक थर शिवून ते ताठ केलं. हत्यार काढल्यावर तोंड मिटत असेल तर परत घालताना डाव्या हाताने उघडावं लागतं, म्हणजे स्वतःचाच हात नळीपुढे. अंगाच्या बाजूला घामापासून बचावाची उभी पट्टी ठेवली, पण तीही ताठ. मऊ पट्टी आत दुमडून चापाच्या कड्यात शिरते. वर अंगठ्याने सुटणारी पट्टी, घोड्याच्या मागून जाणारी, म्हणजे घोडा कपड्यात अडकून मागे ओढला जात नाही. बटण पितळी. लोखंडी चुका किंवा रिव्हेट वापरले तर झाडपाल्याच्या चामड्यातला कस लोखंडाशी मिळून काळे डाग पडतात आणि चुका गंजून सुटतात.

काडतुसांसाठी चामड्याचे लूप मागितले होते, ते नाकारले. पितळी काडतुसं चामड्यात राहिली की त्यांच्यावर हिरवा थर चढतो. काडतूस घरात अडकतं, किंवा सुटं करताना ओढून काढावं लागतं. जादा सहा काडतुसं झाकणाच्या प्लास्टिक डबीत.

दुसरं होल्स्टर : पावसाळ्यासाठी कायडेक्सचं

चामड्याला जून ते सप्टेंबर सुट्टी. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिमीच्या घरात पाऊस पडतो, आणि भिजलेलं चामडं वाळायला चार दिवस लागतात, तोवर त्यावर बुरशी येते. कायडेक्सच्या टणक प्लास्टिकला पाण्याचं काही होत नाही. जाडी २ मिमी, तळाला पाणी निथळायला भोक, स्क्रू स्टेनलेसचे. हेही त्याच नारिंगी नमुन्यावर ताणून घेतलं, त्याच जागी, त्याच कलाने, तशाच अंगठ्याच्या पट्टीसह. होल्स्टर बदललं तरी हात जिथे जातो ती जागा बदलायची नाही. चामड्याचं साडेतीनला आणि प्लास्टिकचं पोटापाशी असेल तर अडचणीच्या क्षणी हात चुकीच्या ठिकाणी जाईल.

कायडेक्सचे दोन दोष. त्यात बारीक रेती शिरली तर लोखंडावरचा काळा लेप खरडला जातो, म्हणून दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने आतून धुवायचं. आणि मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते विसरायचं नाही. उष्णतेने आकार घेणारी वस्तू उष्णतेनेच आकार सोडते. मोटरसायकलच्या थरथरीने स्क्रू सुटतात, त्यांना आटे पकडणारा गोंद लावायचा.

रेनकोट घातल्यावर हत्यारापर्यंत हात लवकर पोचत नाही. ते मान्य करायचं. रेनकोटला भोक पाडणं किंवा होल्स्टर रेनकोटवर बांधणं, दोन्ही चूक. पावसात प्राधान्य ताबा आणि झाकण यांना.

चाचणी

सगळ्या चाचण्या आधी लाकडी नमुन्याने, मग रिकाम्या हत्याराने. रिकामं म्हणजे मोडून, सहाही घरं बघून, बोटाने चाचपून, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून.

गादीवर होल्स्टर उलटं धरून, पट्टी उघडी ठेवून पाच वेळा जोरात हलवलं. चामड्याचं पहिल्याच वेळी पास झालं, कायडेक्समधून हत्यार घसरलं. कड्याजवळचा स्क्रू पाव वळसा आवळल्यावर थांबलं. मग ज्या हालचालींनी एप्रिलमध्ये घात केला त्याच : जमिनीवरची पेटी उचलणं, उकिडवं बसणं, गडगा ओलांडणं, पन्नास पावलं धावणं. हात डोक्यावर नेल्यावर शर्टाची किनार कुठे येते ते दुसऱ्याने मोजलं. त्या चाचणीत जुने सगळे शर्ट नापास झाले. नवे शर्ट ८ सेमी लांब, सरळ किनारीचे, गडद चौकटीचे शिवले. पांढऱ्या, पातळ कापडातून घामाच्या दिवशी होल्स्टरची रेषा दिसते.

हत्यार परत घालणं हा सगळ्यात धोक्याचा क्षण, आणि लोक तोच घाईत करतात. शर्टाची किनार, विंडचीटरची दोरी, खिशातून लोंबणारा मोबाइलचा पट्टा, यातलं काहीही चापाच्या कड्यात शिरलं की हत्यार आत ढकलताना चाप ओढला जातो. म्हणून डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत उचलून तिथेच धरायचा, बोट कड्याबाहेर फ्रेमवर सरळ, होल्स्टरच्या तोंडाकडे बघायचं, अंगठा घोड्यावर टेकवायचा म्हणजे तो मागे सरकू लागला तर कळेल, आणि सावकाश सरकवायचं. अडलं तर ढकलायचं नाही. बाहेर काढून बघायचं.

प्रवासातल्या शौचालयाचा प्रश्न कोणी विचारत नाही, पण हत्यारं विसरली जातात ती तिथेच. दाराच्या खिळ्यावर टांगायचं नाही, पाण्याच्या टाकीवर ठेवायचं नाही. रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, होल्स्टर पट्ट्यावर, आणि पट्टा मांड्यांपाशी ताणून धरलेला. पॅनकेकच्या दोन चिरांतून पट्टा गेलेला असल्याने होल्स्टर निसटत नाही. क्लिपवालं असतं तर इथेच फरशीवर पडलं असतं.

एका वर्षानंतरची नोंद

मे महिन्यात कोल्हापूरच्या दोन्ही फेऱ्यांत चामड्याचं होल्स्टर बरोबर. परतीच्या वाटेवर घोड्याची शेपटी कमरेला घासल्याची तक्रार आली. घामाची पट्टी ५ मिमी वाढवून शिवली. ऑगस्टमध्ये मोटरसायकलच्या वापराने कायडेक्सचा एक स्क्रू सैल मिळाला, कारण त्याला गोंद लावायचा राहिला होता.

रिव्हॉल्व्हरवर नवे ठिपके नाहीत. त्याचं श्रेय होल्स्टरला कमी आणि रात्रीच्या कामाला जास्त. घरी आल्यावर हत्यार होल्स्टरमधून बाहेर, रिकामं, सुती फडक्याने पुसून, तेलाचा पातळ हात, आणि लोखंडी पेटीत सिलिका जेलबरोबर सुटं. होल्स्टर पेटीबाहेर, हवेशीर जागी. रंग बदलणारे सिलिकाचे दाणे पावसाळ्यात दोन आठवड्यांत ओलावतात. ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवले की पुन्हा चालतात. चामड्याला तेल पाजायचं नाही. तेलाने ते मऊ पडतं, उमटवलेल्या रेषा जातात आणि पकड संपते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मेणाचा पातळ थर बाहेरून.

चामड्याचं होल्स्टर ऑक्टोबरमध्ये पुन्हा वापरात आणताना गादीवरची उलटी चाचणी परत घेतली. दोन टाके उसवलेले आढळले. ते शिवून होईपर्यंत कायडेक्सचंच वापरात राहिलं.